कालवणातली हळद

"देवाला मधी घालू नगा," असं म्हणून गुरवआबा हातातल्या पळसाच्या पानात काडी टोचायचे. साधी टोचायचे नाहीत. समोर बसलेल्या माणसाचा कान टोचावा तशी टोचायचे. पत्रावळ लावता लावता बोलायची त्यांची सवय, आणि बोलणं बहुतेक रागाचंच, त्यामुळे त्यांच्या पत्रावळी भारी घट्ट. आमटी वाढली तरी थेंब गळत नसे. घरात लग्न निघालं की बायका म्हणायच्या, "आधी जाऊन आबांना कुणीतरी चिडवून या."

तुमच्याही गावात असा एखादा म्हातारा असेल. सगळ्यांवर ओरडणारा, आणि तरी पोरंबाळं ज्याच्या ओट्यावर जाऊन बसतात असा. आमचं गाव कामशेतला उतरून डोंगराच्या अंगानं आत चालत गेलं की लागायचं. मी तिथे शाळामास्तर होतो. टपालाचं कामही माझ्याकडेच होतं आणि टपालात मिळणाऱ्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्याही. माझ्या शाळेला लागून खंडोबाचं देऊळ आणि देवळाच्या सावलीत आबांचं खोपट. सोमवारी घरोघर बेल पोचवायचा, देवळात झाडलोट करायची, दिवा लावायचा, कार्यप्रसंगी पत्रावळी लावून द्यायच्या, हे त्यांचं काम. त्याबद्दल सुगीत प्रत्येक खळ्यावरून त्यांना भाताच्या पेंढ्या मिळत. वर्षभर तेच खायचं.

लोक मात्र देवाला दर गोष्टीत मध्ये ओढायचे. एकदा एकजण बैल घ्यायचा की नाही म्हणून कौल लावायला आला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आबांनी त्याला देवळाच्या पायरीवरच अडवलं.

"बैलाचं दात बघितलंस का?"

"न्हाई आबा."

"मग हितं कशाला आलास? जा, बैलाचं दात बघ. देवाचं नगं बघू."

दोन भाऊ बांधाच्या भांडणात शपथ घ्यायला आले, त्यांनाही असंच परत पाठवलं. "बांध तुमचा, भांडान तुमचं, बापही तुमचा येकच. देवाला मधी घालू नगा." भाऊ चिडले, पण परत जाताना एकाच वाटेनं गेले आणि वाटेत त्यांचं जमलंही.

आबांचा हा कंजूषपणा उगाच नव्हता. बेलभंडाऱ्याची शपथ आमच्या गावात फार मोठी. देवापुढचा बेल आणि भंडारा तळहातावर घेऊन शब्द द्यायचा. तो शब्द कुणी मोडलेला कुणाच्या ऐकिवात नव्हता. नदीच्या पाण्याच्या पाळ्या अशाच एका जुन्या शपथेवर चालत, आणि रात्री कुणी कुणाचं पाणी फोडायला जात नसे. पोलीस, कोर्ट, वकील यांची गावाला गरजच लागायची नाही. आबा म्हणायचे, "भंडारा रोज उधळला तर त्याची माती हुती." हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मी पुण्याचा शिकलेला, मला तेव्हा गंमत वाटायची.

मग सदतीस साल उजाडलं आणि प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक आली.

राज्य साहेबाचंच, वर गव्हर्नरही साहेबच, पण खालचं मंडळ लोकांनी निवडायचं म्हणे. लोकांनी म्हणजे सगळ्यांनी नव्हे. ठरलेल्या रकमेवर सारा भरणाऱ्यांनी आणि आणखी काही मोजक्यांनी. बाकीच्यांनी तमाशा बघायचा. त्याआधीही निवडणुका झाल्या होत्या, पण त्यांची धग आमच्या डोंगरापर्यंत आली नव्हती. ह्या खेपेला आमच्या गावातल्या बऱ्याच शेतकऱ्यांची नावं मतदारांत लागली. आबांचं नाव नव्हतं. त्यांचं खोपट होतं ती जमीन इनामाची, देवाच्या नावावर.

"म्हंजी मत देवाला पायजे," मी चेष्टेनं म्हणालो.

"द्या की," आबा म्हणाले. "पर वडगावला त्येला बैलगाडीतनं कोण नेणार? आन नेला तर पाटील त्येलाबी जेवाय घालंल."

पाटलांचं जेवण हा त्या दिवसांत गावातला मोठा विषय होता. उभे होते पुण्याचे एक बडे गृहस्थ. लोणावळ्याला त्यांचा बंगला होता आणि उन्हाळ्यात ते तिथे हवा खायला येत. मावळाशी त्यांचा संबंध एवढाच. एकदा ते मोटारीतून आमच्या गावच्या शिवेपर्यंत आले, मोटार पुढे जाईना म्हणून तिथूनच हात जोडून परत गेले. पण पाटलांना रावसाहेब व्हायचं होतं आणि ते काम ह्या गृहस्थांच्या शब्दावर होण्यासारखं होतं. त्यामुळे गावातलं प्रत्येक मत त्यांना देण्याचा पाटलांनी वायदा केला होता. दुसरीकडे खादीवाले होते. तळेगावचा एक तरणाबांड कार्यकर्ता सायकल खांद्यावर घेऊन चिखलाच्या वाटा तुडवत येई आणि पारावर भाषण करी. लोक ऐकत. माना हलवत. पाटलांनाही ते दिसत होतं.

पाटलांची अडचण एकच होती. मत आडोशाला जाऊन द्यायचं होतं. तिथे कुणी बघायला नसणार.

"मास्तर, ह्यो पडदा कुणी काढला हो?" पाटलांनी मला विचारलं. "समोरासमोर हात वर करून दिलं असतं तर काय बिघाडलं असतं?"

मी म्हणालो, "पाटील, माणसानं आपल्या मनानं द्यावं, म्हणून पडदा आहे."

"मन!" पाटील हसले. "मन म्हंजी काय, आमच्या वाड्यावर न आलेलं माणूस व्हय?"

मला त्या हसण्याचा आजही राग येतो. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही.

पडद्यावर पाटलांनी जो तोडगा काढला तो आमच्याच गावात निघू शकत होता. रविवारी देवळापुढे सगळ्या मतदारांना जेवण घालायचं आणि जेवणाआधी त्यांच्याकडून बेलभंडारा उचलून घ्यायचा. पडद्याआड पाटील नसला तरी खंडोबा असेलच. आबांना निरोप गेला, पत्रावळी लावा आणि भंडारा काढून ठेवा.

आबांनी पत्रावळी लावल्या. एकही कमी नाही. रविवारी दुपारी देवळापुढे चुली पेटल्या, लापशी झाली, वांग्याचं कालवण रटरटायला लागलं. मतदार ओळीनं बसले. पाटील म्हणाले, "आबा, भंडारा आणा."

आबा उठले, देवळात गेले, गाभाऱ्याचं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसले.

"भंडारा मिळायचा न्हाई."

"का?"

"देवाला मधी घालू नगा."

"अवो आबा, देवाचंच काम हाय."

"देव काय निवडणुकीला हुबा हाय व्हय? मत त्यांचं हाय. सरकारनं त्येला पडदा लावलाय. गोऱ्या सायबाला कळतं, आन तुमास्नी कळना?"

कालवणाचा वास सुटला होता आणि बसलेली माणसं एकदा देवळाकडे, एकदा चुलीकडे बघत होती. कुणीतरी आबांच्या बाजूनं उठेल असं मला वाटलं. मीच बोललो. पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी पोरांचं पाढं घ्या." लोक हसले. ज्यांच्या गळ्यात दावं पडत होतं तेच हसले, हे लक्षात घ्या.

पाटील काही अडून बसणारे नव्हते. त्यांनी देवळामागच्या झाडाचा बेल स्वतः ओरबाडून आणला आणि आचाऱ्याला म्हणाले, "हळद आण रे." आचाऱ्यानं पानावर हळद आणली. त्याच हातानं त्यानं मघाशी तिखट घातलं होतं. ती हळद आणि तो बेल प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला गेला आणि दीपमाळेपुढे उभं करून पाटलांनी एकेकाकडून वदवून घेतलं की मत सांगेन तिथेच देईन, नाही दिलं तर खंडोबा बघून घेईल. तिखटाच्या खकाण्यानं निम्म्या लोकांना शिंका आल्या. धोंडिबा नावाचा एक शेतकरी होता, मोठ्या मनाचा पण भित्रा, तो तर शपथ पुरी होईपर्यंत नुसता शिंकतच होता.

आबा उंबऱ्यावरून ओरडत होते. "आरं, ती हळद हाय! कालवणातली हळद हाय ती! भंडारा न्हवं!"

"म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंया," पाटील म्हणाले. "बसा, वाढा."

आणि लोक जेवले. आबांच्याच पत्रावळींवर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू झाली. शपथ लागली की नाही लागली? एक म्हणे, भंडारा देवाचा नव्हता म्हणजे लागली नाही. दुसरा म्हणे, दीपमाळेपुढे उभं राहून तोंडानं म्हटलं म्हणजे लागली. कुणी म्हणे, शिंकेनं शपथ उतरते. ह्याचा निकाल देणारा गावात एकच माणूस होता, आणि तो काही बोलेना.

हे तळेगावच्या कार्यकर्त्याच्या कानावर गेलं. पोरगा हुशार. संध्याकाळी तो आबांच्या ओट्यावर येऊन बसला. मीही होतो.

"आबा, तुम्ही फक्त लोकांसमोर कौल लावा. देवानं उजवा दिला की शपथ सुटली. देशाचं काम आहे."

"आन डावा दिला तर?"

पोरगा हसला. "ते तुमच्या हातात आहे की. पाकळी जरा सैल लावायची."

मला वाटलं आबा आता काडी त्यालाच टोचतात. ते उठले, आत गेले आणि देवळाचा खराटा घेऊन बाहेर आले.

"ऊठ. त्यो हळद आणतो, तू पाकळी सैल लावतो. देव काय तुमच्या दोघांच्या बापाचा गडी हाय? ऊठ म्हंतो!"

पोरगा सायकल घेऊन पळाला. मी आबांना म्हणालो, "आबा, पण ती शपथ खोटीच होती. तेवढं खरं सांगायला काय हरकत आहे?"

"आत्ता सांगितलं तर त्येबी मतच हुतंय, मास्तर," ते म्हणाले. "मत न्हाई ना मला? मग मी देवाच्या तोंडानं का देऊ?"

त्यांचं बरोबर होतं की चूक, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आणि दर खेपेला वेगळ्या निकालाला आलो.

मतदानाच्या दिवशी मी वडगावला कारकुनीच्या कामावर होतो. पाटलांच्या गाड्या बैलांना घुंगरं बांधून आल्या. जत्रेला यावीत तशी माणसं उतरली. चिठ्ठी हातात घेताना प्रत्येकाने ती आधी कपाळाला लावली. एकानं तर आडोशाकडे जाताना वहाणा काढून ठेवल्या. केंद्रावरचे मुख्य अधिकारी पुण्याचे होते. ते माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "काय हे तुमचे मतदार!" मी त्यांना सांगायला हवं तेवढं सांगितलं आणि दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. धोंडिबा आडोशाला गेला तो बराच वेळ बाहेर येईना. आला तेव्हा घामानं भिजला होता. माघ महिन्यातली थंडी होती.

लोणावळ्याच्या हवेवाले गृहस्थ पडले. सगळीकडे खादीवाल्यांची सरशी झाली. पावसाळ्यात त्यांचं मंत्रिमंडळ आलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचे पाटील पांढरी टोपी घालून पारावर बसलेले दिसले. तळेगावचा तोच पोरगा त्यांच्या शेजारी बसला होता आणि पाटील म्हणत होते, "आमचं मन आधीपास्नं हितंच व्हतं." मन! ज्याची त्यांनी चेष्टा केली होती तेच मन. ज्याच्या हाती ससा तो पारधी, पण निदान सशानं तरी टाळ्या वाजवू नयेत. लोकांनी वाजवल्या.

धोंडिबा मात्र त्या वर्षी झिजत चालला होता. भाताच्या आवणीच्या दिवसांत त्याची म्हैस पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. मग बायकोला हिवताप आला. मी कोयनेलच्या पुड्या घेऊन गेलो तर ती माउली तोंड फिरवून पडली होती. "द्येवाचा कोप हाय मास्तर, पुडीनं जातोय व्हय?" पुड्या उशाशी तशाच पडून राहिल्या. धोंडिबा माझ्यामागून बाहेर आला आणि मला ओढत आबांकडे घेऊन गेला. तिथे ओट्यावर तो एकदम रडायलाच लागला.

"आबा, म्या शपथ मोडली. पडद्याआड गेलो आन हात पाटलाच्या मान्साकडं जाईना. दुसरीकडंच फुली मारली. आता म्हस गेली, आता बाईल चालली. सांगा, शपथ लागली व्हती का?"

आबा भडकले ते विचारू नका. पान फेकून दिलं. "शपथ घेताना तुजं त्वांड कुटं व्हतं? जेवताना बरं उघडलंस! म्या वरडत व्हतो तवा येकाला तरी ऐकू आलं का? आन आता बाईल मराय टेकल्यावर आबा आठावला?" धोंडिबा मान खाली घालून ऐकत होता. आबा त्याला मनसोक्त बोलले. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जा. बायलीला सांग, औषीध घे. बाकीचं मी बघतो."

"पर ती माज्या सांगण्यानं घ्येणार न्हाई. देवळातनं कळलं पायजे."

"कळंल."

दसऱ्याला सोनं लुटायला सगळं गाव देवळापुढे जमतं. बायकाही येतात. आबांनी आरती केली, घंटा बडवली आणि पायरीवर उभे राहिले. मी त्यांना इतकं सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आयका. निवडणुकीच्या वक्ताला हितं शपथ झाली म्हंत्यात. न्हाई झाली. देव दाराआड व्हता. हातात व्हती ती कालवणातली हळद. देवाच्या भंडाऱ्यानं कवा कुणाला शिंका आल्यात व्हय? कुणाला कसला दोष न्हाई. ज्येच्या घरी दुखणं असंल त्येनं औषीध घ्यावं."

बायकांत एकदम खसखस पिकली, कारण शिंका सगळ्यांना आठवत होत्या. पुरुषांच्या तोंडावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. एका धोंडिबाच्या नव्हे, बऱ्याच जणांच्या. पाटलांनाही ते दिसलं. पांढरी टोपी सरळ करत ते पुढे आले.

"म्हंजी कुणीतरी शपथ मोडली. कोण त्यो? नाव सांग, गुरवा." आबाचे ते गुरवा झाले होते.

"शपथ झालीच न्हाई पाटील, मग मोडंल कशी?"

"नाव सांग!"

"न्हाई सांगत."

आता तुम्हीच बघा ह्यातली गंमत. ज्यानं कुणी शपथ मोडली त्यानं मत दिलं होतं पाटलांच्या डोक्यावरच्या टोपीलाच. पाटलांनी त्याला मिठी मारायची, तर हा माणूस त्याच्या नावासाठी दात खात होता. टोपी बदलली, आतलं डोकं तेच. मी हे तिथेच मोठ्यानं बोललो. तळेगावचा कार्यकर्ताही होता गर्दीत. तो म्हणाला, "मास्तर, हा गावचा अंतर्गत प्रश्न आहे." मला आठवतंय, त्याच्या हातात आपट्याची पानं होती आणि सोनं म्हणून ती त्यानं आधी पाटलांना दिली.

धोंडिबाच्या बायकोनं त्या संध्याकाळपासून कोयनेल घेतलं. ती उठली. पुढे पुष्कळ वर्षं जगली.

पाटलांनी मारहाण केली नाही, शिवीगाळ केली नाही. सुगी आली तेव्हा एवढंच सांगितलं की यंदा गुरवाला कुणी पेंढी द्यायची नाही. आणि कुणीही दिली नाही. ह्या शब्दासाठी बेल लागला नाही, हळद लागली नाही, देवही लागला नाही. आबा नेहमीसारखे खळ्याखळ्यावर गेले. "बघू आबा," "मळणी व्हऊंद्या आबा," असं म्हणत लोक भाताच्या राशीमागे तोंड लपवत होते. धोंडिबाच्या खळ्यावरही तेच झालं. पाटलांना संशय येईल म्हणून त्यानं तर दुरूनच हात हलवला. मी माझ्या पगारातून तांदूळ घेऊन गेलो तर आबांनी ते आपल्या बायकोला, गुरवीणमावशीला, घेऊ दिले नाहीत. "तुमचा पगार पोरांच्या कामाचा हाय, देवाच्या न्हाई. देवाचं गावानं द्यावं." म्हातारा शेवटपर्यंत असाच हेकट. त्याचाही मला राग आला होता.

पुढच्या गोष्टी आधीच सांगून टाकतो. पाटलांनी नवा गुरव आणला. गोड माणूस, कुणाला नाही म्हणत नसे. कौल मागा, देई. भंडारा मागा, मूठभर देई. दोन सुगी जायच्या आत गावात कोंबडीच्या चोरीवरून बेलभंडारा उचलला जाऊ लागला आणि उचलणाऱ्याच्या ओठाला कोंबडीचा रस्सा लागलेला असे. पाण्याच्या पाळ्या मोडल्या. रात्री बांध फुटायला लागले, मग डोकी फुटली, मग वडगावच्या कोर्टाच्या वाऱ्या सुरू झाल्या. शेचाळीस साली पुन्हा निवडणूक आली तेव्हा शपथ घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण शपथेवर विश्वास ठेवणारा माणूसच उरला नव्हता. पाटील तेव्हा व्यासपीठावर होते. मी बदली मागून घेतली. आबा लोणावळ्यात मेव्हण्याकडे राहून बंगलेवाल्यांच्या कार्यांना पत्रावळी पुरवत आणि तिथेच वारले, एवढं मला नंतर कळलं. बंगल्यांतल्या लोकांना ते काय बोलत असतील, मला माहीत नाही.

आबा गाव सोडून निघाले त्या सकाळी मी बरोबर होतो. गुरवीणमावशीच्या डोक्यावर बोचकं, माझ्या खांद्यावर वळकटी. आबांनी देवळात दिवा लावला, गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं आणि निघाले. गाव जागं होतं. दारं अर्धी उघडी होती. कुणी बाहेर आलं नाही. म्हाताऱ्याच्या हातचा बेल ज्यांच्या देव्हाऱ्यात पिढीभर गेला त्यांच्यातलं एक माणूस शिवेपर्यंत पोचवायला आलं नाही. मी दातओठ खात चाललो होतो.

कामशेतची वाट धोंडिबाच्या खळ्याला लागून जाते. तो भात उपणत होता. उंचावर उभा राहून सुपानं भात सोडत होता. आम्हाला त्यानं पाहिलं आणि पाठ वळवली. सकाळचं वारं नेमकं फिरलं होतं, पण आम्ही दिसू नये म्हणून तो वळला तो वाऱ्याच्या तोंडावरच. सगळं भूस त्याच्या डोळ्यांत, नाकात जात होतं. तरी तो तसाच उपणत राहिला. मी त्याला हाक मारून चार शब्द सुनावणार होतो. आबांनी माझा दंड धरला आणि बांधापाशी थांबले.

"धोंडिबा," ते म्हणाले, "वारं फिरलंय. ह्या अंगाला त्वांड कर. भूस डोळ्यात जातंय."

धोंडिबाचे हात थांबले. तो हळूहळू आमच्याकडे वळला. डोळे लाल झाले होते, गालांवर भूस चिकटलेलं होतं.

"हां, असं," आबा म्हणाले, आणि पुढे चालू लागले.